सहा नंबरचा बूट

बूट आले, तेव्हा मी नेमका डोंबिवलीला ताईकडे होतो. एक जोड नव्हे, चांगले तीन! माझ्या आठवीतल्या भाचीने तिन्ही खोकी दिवाणावर ओळीने मांडली, झाकणं उघडली आणि मला म्हणाली, "मामा, ओळख पाहू, यातला माझा जोड कुठला?"

तिन्ही जोड हुबेहूब सारखे. पांढरा कॅनव्हास, बाजूला निळी पट्टी. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं. चोवीस मुलींचा समूहनाच बसवला होता, आणि सगळ्यांचे पाय सारखे दिसावेत म्हणून बाईंनी एका बुटाचा फोटो पालकांच्या फोनवर धाडला होता.

"पण तीन जोड कशाला?"

"अरे, नंबर कुठे माहीत होता! चार होईल, पाच होईल, नाहीतर सहा. म्हणून तिन्ही मागवले. जो बसेल तो ठेवायचा, उरलेले परत. परत करायला एक पैसासुद्धा पडत नाही!"

पाच नंबर चपखल बसला. चार आणि सहा नंबरची खोकी दिवाणाखाली गेली. परत पाठवायला दहा दिवसांची मुदत होती, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती.

मी सहज विचारलं, "परत गेलेला बूट जातो कुठे गं?"

"कुठे म्हणजे? दुकानात."

"आणि ते दुकान कुठे आहे?"

तिने हातातल्या फोनकडे बोट दाखवलं आणि स्वतःच हसली. मीही हसलो; पण खरं सांगतो दोस्तांनो, उत्तर मलाही धड ठाऊक नव्हतं. माझा एक शाळासोबती भिवंडीजवळच्या अशाच एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ये की! पण पायांत बूट घालून ये, चपला चालत नाहीत."

भिवंडी म्हटलं की आमच्या पिढीला यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. आता मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची लांबच लांब गोदामं दिसतात. मुंबईत जकात होती, त्या काळात व्यापारी आपला माल जकातनाक्याच्या अलीकडे, म्हणजे भिवंडीत उतरवून ठेवत. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली; पण गोदामं काही हलली नाहीत. मुंबई, ठाणे, नाशिक, गुजरात आणि न्हावाशेवा बंदर, सगळीकडे जायला इथून रस्ता आहे.

आत शिरताना फोन दारावर ठेवून घेतला. मग पिवळ्या पट्ट्यांमधून चालायचं. माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते आपल्या चपलांच्या दुकानासारखं: एका भिंतीला सगळे बूट, दुसऱ्या भिंतीला पुस्तकं, तिसरीकडे भांडी. प्रत्यक्षात काय पाहिलं? एका कप्प्यात गणिताचं गाईड, त्याला टेकून केसांच्या तेलाची बाटली, तिच्यामागे कुकरची रबरी रिंग आणि टेनिसचा चेंडू! शेजारच्या कप्प्यात एकच बूट-जोड, एक उशीचा अभ्रा आणि कंपासपेटी.

मी म्हटलं, "अरे, हा काय पसारा? आईने असं कपाट पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता."

"इथे पसारा हीच शिस्त," तो म्हणाला.

आणि त्याने जे समजावून सांगितलं, ते ऐकून मी चाटच पडलो. समजा, एकाच मांडणीवर या पांढऱ्या बुटाची चार, पाच आणि सहा नंबरची खोकी शेजारी शेजारी रचली. सगळी खोकी दिसायला सारखी. घाईघाईत माणूस पाचऐवजी सहा उचलणारच. पण एका कप्प्यात एक बूट, एक चेंडू आणि एक पुस्तक असेल तर? चूक व्हायला वावच नाही. शिवाय नवा माल आला की 'बुटांची जागा भरली' म्हणून थांबावं लागत नाही. जिथे पोकळी दिसेल तिथे ठेवा. आणि तोच बूट गोदामात दहा ठिकाणी विखुरलेला असला, की माल काढणारी मुलं कुठेही असोत, त्यातला एक तरी जवळच सापडतो.

मग कुठली वस्तू कुठे आहे, हे लक्षात कोण ठेवतं? आपल्या कोपऱ्यावरचे वाणीकाका आठवा. हिंग कुठल्या बरणीत, हे त्यांचा हातच जाणतो. इथे ते काम संगणकाचं. प्रत्येक कप्प्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची पट्टी, प्रत्येक वस्तूवरही तशीच पट्टी. वस्तू ठेवणारा आधी कप्प्यावर यंत्राचा प्रकाश टाकतो, मग वस्तूवर. टिक्, टिक्. झाली नोंद.

(या रेघांच्या पट्टीची, म्हणजे बारकोडची, एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात २६ जून १९७४ रोजी किराणा दुकानांसाठी ठरवलेली ही पट्टी पहिल्यांदा यंत्राने वाचली गेली. वस्तू कोणती होती म्हणाल? च्युइंगमचं एक पाकीट!)

आता या 'टिक् टिक्' मध्ये एक टिक् राहून गेली तर? वस्तू कप्प्यात आहे, पण संगणकाच्या लेखी नाही. म्हणजे ती छपराखाली असूनही हरवली! आपण घरात चष्मा हरवतो ना, तसंच. म्हणून इथे रोज थोडे थोडे कप्पे मोजले जातात. मोजायला आलेल्या माणसाला कधी कधी आकडा आधी सांगतच नाहीत. का? आकडा ठाऊक असला की डोळ्यांना तेवढ्याच वस्तू दिसतात. हे मला फार पटलं. गणिताच्या पुस्तकात मागचं उत्तर बघून आपण हिशेब कसा जुळवतो, ते आठवा!

वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून मोजदाद करायची जुनी पद्धत इथे परवडत नाही, कारण हे दुकान रात्रीसुद्धा उघडंच असतं.

माझ्या मित्राने मग मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. तुम्हीही पेन्सिल घ्या. हा आपला पांढरा बूट. पट्टी निळी, लाल किंवा काळी, म्हणजे तीन प्रकार. नंबर दोनपासून नऊपर्यंत, म्हणजे आठ. दुकानदाराला हा एक बूट नाही, तीन गुणिले आठ, म्हणजे चोवीस वेगवेगळ्या वस्तू आहेत! लाल पट्टीच्या नऊ नंबरचे ढीगभर जोड असले तरी निळ्या पट्टीचा पाच नंबर मागणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य.

आता समजा, निळ्या पट्टीचे सगळे नंबर मिळून रोज पाच जोड खपतात आणि कारखान्यातून नवा माल यायला सहा दिवस लागतात. म्हणजे माल येईपर्यंत तीस जोड लागणार. ट्रक अडकला, पाऊस झाला, तर हाताशी असावेत म्हणून आणखी दहा. तेव्हा शिल्लक चाळीसवर आली, की नवी मागणी नोंदवायची. आजीचं तरी काय वेगळं असतं? तांदळाच्या डब्याचा तळ दिसेपर्यंत ती कधी थांबत नाही.

"पण," मित्र म्हणाला, "हा हिशेब कशाने कोसळतो माहीत आहे? परतीने."

मी त्याला आमच्या संमेलनाची हकिकत सांगितली. तो डोक्याला हात लावून हसायलाच लागला.

"चोवीस मुली ना? आता समजा, प्रत्येकीने तुझ्या भाचीसारखे तीन-तीन जोड मागवले. बहात्तर झाले! लागणार किती? चोवीस. बिचाऱ्या संगणकाला काय ठाऊक, डोंबिवलीत संमेलन आहे? तो समजतो, हा बूट धडाक्याने खपतोय. साठा एका दिवसात साफ. तो घाबरून भरपूर नवा माल मागवतो. माल येतो, आणि पाठोपाठ आपले अठ्ठेचाळीस जोड परत येतात. आधी दुष्काळ, मग अजीर्ण!"

अशी मोठी फजिती आपल्या देशाने एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे, परतीची नव्हे, पण मागणीच्या अंदाजाची. 'फ्लिपकार्ट' ही कंपनी २००७ साली बंगळुरूमध्ये सुरू झाली, ती पुस्तकं विकायला. सुरुवातीला तिच्याकडे स्वतःचा साठा नव्हता. ऑर्डर आली की पुस्तक शोधून आणायचं आणि पाठवायचं. पहिली ऑर्डर आली होती महबूबनगरहून. पुढे कंपनी वाढली, आणि ६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिने एका दिवसाचा प्रचंड सेल लावला. लोक तुटून पडले. माल भराभर संपला, संकेतस्थळ अडखळलं, घेतलेल्या काही ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दोन्ही संस्थापकांनी, सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी, ग्राहकांची लेखी माफी मागितली. कपाटात नाही ते विकून बसलं, की असं होतं.

चला, आता मुख्य जागी जाऊ. गोदामाच्या मागच्या अंगाला परतीचा विभाग आहे. पुढचा भाग कसा झगझगीत, सरकत्या पट्ट्यांवरून खोकी धावताहेत! इथे मात्र साधी टेबलं, प्रत्येकावर एक दिवा आणि समोर फाटक्या-फुटक्या पाकिटांचा ढीग. माल जाताना यंत्रं मदत करतात. परत येताना मात्र माणसाचे डोळे आणि हातच लागतात, कारण प्रत्येक पाकिटाची कथा निराळी.

तिथे एक ताई बूट तपासत होत्या. त्यांचं काम मी अर्धा तास पाहत उभा राहिलो. खोकं उघडायचं. आत बूटच आहे ना? (हसू नका, कधी कधी जुना फाटका बूटही निघतो.) दोन्ही जोड्याचेच आहेत ना, की डावा पाचचा नि उजवा सहाचा? तळव्याला माती? नाडी ओवलेली की तशीच? किमतीची चिठ्ठी जागेवर? आणि शेवटी त्यांनी बूट चक्क नाकाशी नेला.

"वास घेता?" मी विचारलं.

"घ्यावाच लागतो, दादा. डोळ्यांना फसवता येतं, नाकाला नाही," त्या म्हणाल्या. पलीकडच्या टेबलावर कपडे तपासणारा मुलगा त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "ताई, त्या कुडत्याचं सांगा ना." मग त्यांनी सांगितलं. एक भरजरी कुडता 'आवडला नाही' म्हणून परत आला होता. घडी व्यवस्थित, चिठ्ठी जागेवर. खिशात हात घातला तर काय? चार अक्षता! कुडता थेट लग्न लावून आला होता.

तपासून झालं की त्या वस्तूची जात ठरते. अगदी कोरी असेल तर नवी पट्टी चिकटून पुन्हा कप्प्यात. खोकं फाटलं असेल तर नवं खोकं. एकदा वापरलेली, पण चांगली असेल तर 'उघडलेला माल' म्हणून कमी किमतीत. बिघडलेली असेल तर मूळ विक्रेत्याकडे परत. आणि काही माल कुणालाच नको असतो, तो पोत्याच्या भावात घाऊक विकला जातो. कोरा जोडसुद्धा पुन्हा कप्प्यात जायला बराच वेळ घेतो. घरातून उचलला, त्या भागातल्या छोट्या केंद्रावर पडला, तिथे पोतं भरेपर्यंत थांबला, मग ट्रक, मग या टेबलापुढचा ढीग. जाताना दोन दिवस, येताना आठ-दहा! या सगळ्या काळात तो बूट विकलेलाही नसतो आणि शिल्लकही नसतो. संगणकात त्याच्यापुढे फक्त 'वाटेत' असं दिसतं.

आणखी एक ढीग वेगळा होता. त्यातली पाकिटं उघडलेलीच नव्हती. ग्राहकाने दारातूनच परत पाठवलेली! माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय 'फ्लिपकार्ट'ने २०१० साली आणली, आणि ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं अशा असंख्य लोकांना ऑनलाइन खरेदी जमायला लागली. मोठीच सोय. पण आधी पैसे दिलेले नसले की 'आता नको वाटतंय' म्हणणंही सोपं होतं. कधी दाराला कुलूप, कधी फोन बंद. पाकीट जसं गेलं तसं फिरून येतं, आणि वाहतूक मात्र दोन्ही वेळची लागते.

हा खर्च सोसतो कोण? मला वाटत होतं, गोदामाची मोठी कंपनी. पण आपल्याकडे परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन बाजारांना स्वतःच्या मालकीचा माल त्या बाजारात विकता येत नाही, असा सरकारचा नियम आहे. त्या कंपन्या जागा देतात, जसं आठवड्याच्या बाजारात ओटा मिळतो तसं. ओट्यावरचा माल निरनिराळ्या विक्रेत्यांचा. त्यांत मोठे व्यापारी असतात, तसेच अगदी छोटेही असतात.

त्यातले एक गृहस्थ मला माहीत होते, कोल्हापूरचे. घरची चपलांची परंपरा, मुलाने ऑनलाइन दुकान काढून दिलेलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून. म्हणजे या आठ जिल्ह्यांबाहेर केलेल्या चपलेला 'कोल्हापुरी' म्हणून विकता येत नाही. मला वाटलं, काका खुशीत असतील. फोनवर विचारलं तर म्हणाले, "अवो, विक्री हाय की! पण परत किती येत्यात ते पण इचारा. कारण काय लिवत्यात, तर 'चप्पल चावते'. आता तुमीच सांगा, नवी कोल्हापुरी चावणार न्हाई तर काय करणार? कातडं हाय ते! थोडं तेल लावा, दोन-चार दिवस पायात घाला, मग बघा कशी पायासारखी होतीया. सैल चप्पल घेतली तर म्हैन्याभरात पायातनं निसटंल."

इथे मजा बघा. कोल्हापूरच्या दुकानात गिऱ्हाईक 'घट्ट होतेय हो' म्हणालं, की काका हेच समजावतात आणि गिऱ्हाईक समाधानाने चप्पल घेऊन जातं. फोनच्या पडद्यावर काका नसतात. आता ते प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घालतात: 'नवी चप्पल थोडी घट्टच असते. तेल लावा, घरात घालून फिरा.' परतीचं प्रमाण कमी झालंय म्हणाले. पण एक जोड परत आला, की पुढच्या दोन जोडांचा नफा त्यापायी जातो, हा त्यांचा हिशेब अजून तसाच आहे. आणि परत येणारा जोड गणपतीत गेला नि दसऱ्यानंतर आला, तर त्याचा हंगामच बुडाला.

म्हणून कुणी असं समजू नका की परत करणं हाच गुन्हा. मुळीच नाही! न पाहता वस्तू घ्यायची, तर परत करण्याची मुभा हवीच. हा विश्वास नसता तर टपालाने खरेदीची पद्धत कधी उभीच राहिली नसती. अमेरिकेत शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ साली एका पानाची मालाची यादी छापून खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपालाने वस्तू विकायला सुरुवात केली. लोक बिचकत. मग तीनच वर्षांत त्याने जाहीर केलं: पसंत पडलं नाही तर पैसे परत. तेव्हा कुठे लोकांचा धीर चेपला.

आपल्या देशात २०२० साली ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम आले. (हा परिच्छेद आई-बाबांना वाचून दाखवा बरं का!) वस्तू सदोष असेल, नकली असेल, किंवा जाहिरातीत दाखवली तशी नसेल, तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. परतीचे आणि पैसे परत देण्याचे नियम ग्राहकाला स्पष्ट दिसतील असे द्यावे लागतात. कुणी दाद देत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाकीट उघडताना फोनवर चित्रफीत काढून ठेवा, असं गोदामातल्या त्या ताईंनीही मला मुद्दाम सांगितलं. आत भलतंच निघालं तर पुरावा हाताशी राहतो.

परत आलेल्या किंवा न खपलेल्या मालाचं सगळ्यांत वाईट काय होतं, तेही सांगायला हवं. तपासून, धुऊन, नवं खोकं घालून पुन्हा विकण्यापेक्षा नष्ट करणं स्वस्त पडतं, म्हणून कोरा मालही काही देशांत सर्रास जाळला किंवा फेकला जाई. त्यावरून ओरड झाली. फ्रान्सने २०२० साली न खपलेल्या वस्तू नष्ट करण्याविरुद्ध कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात, न खपलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना मनाई करण्यासाठी जुलै २०२६ ही मुदत घातली.

आता नंबरांचा घोळ. तो मुळात एवढा का होतो? आपण बुटांचे जे नंबर वापरतो ते इंग्रजांचे. त्यांचं माप ठरलं जवाच्या दाण्यावरून! तीन दाणे मिळून एक इंच. म्हणजे पाच आणि सहा नंबरांत फरक एका दाण्याचा, साधारण साडेआठ मिलिमीटर. पण लांबी जुळली तरी रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यातून दिसलं, की आपले पाय युरोपातल्या लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात. म्हणून कित्येक जण एक नंबर मोठा बूट घेतात आणि पुढची रिकामी जागा सोसतात. भारतीय पायांसाठी नवी मापं सुचवली गेली आहेत, त्यांचं नाव 'भ', म्हणजे भारतातला 'भ'.

तोवर घरच्या घरी एक सोपा उपाय आहे. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहा. दुसऱ्या कुणाला तरी अंगठ्यापुढे रेघ मारायला सांगा. (आपली आपण मारायला गेलं की वाकताना पाय हलतो.) दोन्ही पाय मोजा, एक किंचित मोठा असतोच. मोठ्या पायाचं माप धरा. मग त्या बुटाच्या मापाच्या तक्त्यात सेंटिमीटर बघा, नंबर नको, कारण दोन कंपन्यांचा पाच नंबरसुद्धा सारखा असेलच असं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुढच्या रविवारी डोंबिवलीला गेलो. ती दोन खोकी अजून दिवाणाखालीच होती. आठ दिवस झाले होते.

मी भाचीला गोदामाच्या गोष्टी सांगत होतो. अक्षतांच्या गोष्टीला ती खदखदून हसली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण आली, तीही नाचात होती. चेहरा एवढासा. "माझे बूटच मिळत नाहीत. चार नंबर लागतो. रोज बघते, रोज 'सध्या उपलब्ध नाही'. संमेलन गुरुवारवर आलंय. बाई म्हणाल्या, नाहीतर मागच्या रांगेत उभी राहा."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. ती खाली वाकली, दिवाणाखालचं एक खोकं बाहेर ओढलं आणि म्हणाली, "हा घालून बघ."

बसला! अगदी मापात. मैत्रिणीच्या आईने ताईला फोनवरून पैसे पाठवले आणि भिवंडीहून डोंबिवलीला आलेला बूट एक मजला उतरून घरी गेला.

उरला सहा नंबर. तो मात्र त्याच दिवशी परतीला लावला. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला दादा आला, त्याने खोकं उघडून नंबर ताडून पाहिला, पट्टीवर यंत्र टेकवलं. टिक्! भाची म्हणाली, "दादा, वास नाही का घेत?" तो बिचारा बघतच राहिला.

संमेलन झालं. नाच छान झाला, एका मुलीची नाडी सुटली तेवढं सोडून. नंतर साधारण दहा-बारा दिवसांनी रात्री भाचीचा फोन आला.

"मामा, झोपलास का? मी आपला बूट बघत होते. निळी पट्टी, सहा नंबर. इतके दिवस 'उपलब्ध नाही' होतं ना? आज लिहिलंय, 'फक्त १ शिल्लक'. तो आपलाच असेल का रे?"